फोटोखालची नावं

इतिहासाच्या तासाला बाईंनी आपल्याकडून घोकून घेतलेल्या सनावळीत १८५४ हे साल अजून कुठेतरी शिल्लक असेल. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले, गादीला औरस वारस नव्हता, आणि पुढच्या काही महिन्यांतच डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. वाड्यातलं जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेलं, हत्ती-घोडे मातीमोल भावाने विकले गेले. पेपरात हे चार मार्कांना यायचं. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईत आणखी एक गोष्ट घडली होती, ती मात्र पुस्तकात नव्हती. काही डॉक्टर, लष्करी अधिकारी, कारकून आणि व्यापारी एकत्र आले आणि त्यांनी 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' काढली. आपल्या देशातला हा पहिला फोटोग्राफी क्लब.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला "तुझ्या फोटो क्लबबद्दल लिही" म्हणून सांगितलं. आमचा क्लब म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. महिन्यातल्या एका रविवारी दहा-बारा जण पहाटे फुटाळ्यावर नाहीतर अंबाझरीला जमतो, ऊन चढलं की कुणाच्या तरी घरी पोहे-तर्री खातो आणि मग एक जण काहीतरी तयारी करून बोलतो. कधी लेन्सवर, कधी पक्ष्यांवर, कधी नुसतीच एकमेकांच्या फोटोंची चिरफाड. माझी पाळी आली तेव्हा मी १८५४ वर बोलले. दिवसभर संगणकावर कोड लिहिणाऱ्या बाईला हा जुना विषय का सुचला, असं एकाने विचारलंच. त्या भाषणाची तयारी करताना जे सापडलं आणि शेवटी आपल्याच शाळेच्या एका फोटोशी येऊन थांबलं, ते इथे लिहिते आहे.

आधी हे समजून घ्यायला हवं, की त्या काळी फोटो काढायला क्लब का लागायचा. आज आपण एकटे काढतो. बोट लावलं की झालं. १८५४ मध्ये फोटो म्हणजे रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल होतं. फ्रेडरिक स्कॉट आर्चर नावाच्या एका इंग्रज शिल्पकाराने १८५१ मध्ये काचेवर निगेटिव्ह घेण्याची कृती प्रसिद्ध केली होती. ईथर आणि अल्कोहोलमध्ये गनकॉटन विरघळवून एक चिकट पाक करायचा, त्याला कलोडियन म्हणतात. तो काचेवर सारखा पसरवायचा, मग काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत डेव्हलप करायची. सगळा खेळ आठ-दहा मिनिटांचा. काच वाळली की संपलं. म्हणून फोटोग्राफर जिथे जाई तिथे डार्करूमही जाई. तंबू, बाटल्या, काचांच्या पेट्या, पाण्याची पिंपं, आणि हे सगळं वाहायला माणसं किंवा बैलगाडी.

आता यात आपला उन्हाळा घाला. ईथर साधारण ३५ अंशांना उकळतं. लंडनच्या पुस्तकात लिहिलेली कृती लंडनच्या हवेत बसते. मे महिन्यात नागपुरात ४५ अंशांवर ईथरची बाटली उघडली तर ते काचेवर पसरायच्या आधी हवेत गेलेलं असेल. पावसाळ्यात दुसरी तऱ्हा, दमटपणाची. विहिरीच्या पाण्यात क्षार असले की चांदीचं द्रावण बिघडतं. यातलं काहीच विलायती पुस्तकात सापडत नव्हतं. ते इथल्या माणसांनी इथे, प्लेटी वाया घालवून शोधायचं होतं. आणि प्रत्येकाने स्वतंत्रपणे प्लेटी वाया घालवण्यापेक्षा एकाने घालवलेल्या प्लेटीचा हिशेब सगळ्यांना सांगितला तर खर्च वाचतो. क्लब निघाला तो यासाठी. सभेत सदस्य टिपण वाचत, काय चुकलं ते सांगत, फोटो हातोहात फिरत. १८५५ पासून सोसायटीने स्वतःचं नियतकालिकही सुरू केलं आणि ही टिपणं छापून बाहेर जाऊ लागली. कॅप्टन हॅरी बार हे पहिले अध्यक्ष.

माझ्या धंद्यात याला आम्ही ओपन सोर्स म्हणतो आणि ते आपणच शोधून काढलं असा आमचा समज आहे. आर्चरने त्याची कृती पेटंट न घेता छापून टाकली होती. उलट फॉक्स टॅल्बटने त्याच्या कागदी निगेटिव्हवर इंग्लंडात पेटंट घेतलं होतं आणि आर्चरची कृतीसुद्धा आपल्याच पेटंटात येते असा त्याचा दावा होता. डिसेंबर १८५४ मध्ये, म्हणजे मुंबईची सोसायटी निघाल्यानंतर दोनच महिन्यांनी, लंडनच्या कोर्टात तो दावा फेटाळला गेला. आर्चरला त्यातून काहीच मिळालं नाही, १८५७ मध्ये तो गरिबीतच वारला. पण पुढची पंचवीसेक वर्षं जगभर फोटो निघाले ते बहुतेक त्याच्याच कृतीने.

मुंबईच्या या मंडळींत डॉ. भाऊ दाजी लाड होते. आपल्याला ते नावाने माहीत असतात, भायखळ्याच्या संग्रहालयामुळे. मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेले डॉक्टर, कुष्ठरोगावरच्या औषधाच्या शोधात राहिलेले, आणि त्याच वेळी अजिंठ्याचे शिलालेख वाचणारे. त्यांचे धाकटे भाऊ नारायण दाजी हेही डॉक्टरच, आणि फोटोग्राफीत थोरल्यापेक्षा जास्त मुरलेले. ते काही वर्षं सोसायटीच्या कार्यकारिणीवर होते, तिच्या प्रदर्शनात त्यांचे फोटो लागले आणि व्यावसायिक फोटोग्राफर म्हणूनही त्यांनी काम केलं. फोटोग्राफीत डॉक्टरच इतके का, असा प्रश्न मला पडला होता. उत्तर सोपं असावं: ज्यांच्या कपाटात ईथर आणि तराजू दोन्ही आहेत, अशी गावातली माणसं तीच!

१८५५ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. शाळेच्या स्मरणिकेत हे मुद्दाम सांगण्यासारखं आहे, कारण विषय निघून जेमतेम पंधरा वर्षं झाली होती आणि आपल्याकडे तो वर्गात शिकवला जात होता. त्या वर्गातून हरिश्चंद्र चिंतामण तयार झाले. त्यांनी मुंबईत स्टुडिओ काढला, १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांचे फोटो गेले. भारतीय व्यावसायिक फोटोग्राफरांच्या पहिल्या पिढीतलं हे मोठं नाव.

मुंबईत गोरे आणि एतद्देशीय एका टेबलाभोवती बसून द्रावणांवर चर्चा करत होते, हे चित्र लोभस आहे. पण ते कितपत टिकणारं होतं हे कलकत्त्यात दिसलं. १८५६ मध्ये तिथे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बेंगाल निघाली. थोर संशोधक राजेंद्रलाल मित्र तिच्या पदाधिकाऱ्यांत होते. एप्रिल १८५७ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये एक सभा झाली. मुद्दा असा की जिल्ह्याच्या फौजदारी कोर्टात भारतीयांवर जसे खटले चालतात तसेच गोऱ्यांवरही चालावेत की नाहीत. राजेंद्रलाल बोलले आणि निळीचे मळेवाले ज्या तऱ्हेने वागतात त्याबद्दल सणसणीत बोलले. टाउन हॉलमधल्या त्या भाषणाचा फोटोग्राफीशी काडीचा संबंध नव्हता. तरीही सोसायटीतल्या गोऱ्या सदस्यांनी त्यांचा राजीनामा मागितला, त्यांनी दिला नाही, आणि त्यांना काढून टाकण्यात आलं. पुढच्याच महिन्यात मेरठला उठाव झाला. राजेंद्रलाल नंतर १८८५ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले.

हा प्रसंग मी आमच्या क्लबात सांगितला तेव्हा खोलीत थोडी चुळबुळ झाली. आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही 'इथे राजकारण नको' हा नियम आहे, आणि तो बहुतेक वेळा शहाणपणाचा आहे हे मलाही मान्य आहे. पण बाहेर बोललेल्या गोष्टीसाठी माणसाला आतून काढणं वेगळं. द्रावणाचं प्रमाण सगळ्यांना मोकळेपणाने सांगणारी ही मंडळी एका माणसाचं मत मात्र सहन करू शकली नाहीत.

आता मुंबई-कलकत्त्याहून आपल्या विदर्भाकडे येते. आठवीच्या सहलीला आपण लोणारला गेलो होतो, आठवतंय का? सरोवर बघून वर आल्यावर दैत्यसूदनाच्या देवळात सर आपल्याला कोरीव काम दाखवत होते आणि आपलं सगळं लक्ष डब्याकडे होतं. त्या देवळाचे फोटो एकोणिसाव्या शतकातच घेतले गेलेत, रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने. गिल १८४४ पासून अजिंठ्याला राहून लेण्यांतल्या चित्रांच्या मोठाल्या रंगीत प्रतिकृती करत होता. वर्षानुवर्षं राबून केलेलं ते काम लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगलं होतं आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यातलं बहुतेक जळून खाक झालं. मधल्या काळात, १८५६ च्या सुमारास, त्याने कॅमेरा हाती घेतला होता. त्याने काढलेल्या जोडचित्रांची पुस्तकं १८६४ मध्ये लंडनला निघाली. जोडचित्र म्हणजे शेजारी शेजारी जवळपास सारखे दोन फोटो. खास चष्म्यातून पाहिले की एकच चित्र खोलीसकट दिसतं. परतवाड्याजवळच्या मुक्तागिरीच्या जैन मंदिरांचेही त्याने फोटो घेतले. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. मुंबईला जाताना आपली गाडी जिथे हमखास रेंगाळते आणि आपण केळी घेतो, त्या भुसावळला.

त्या काळचे देवळांचे फोटो बघताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. खांबाला टेकून किंवा पायऱ्यांवर एखादा माणूस उभा किंवा बसलेला असतो. धोतर, पागोटं, कधी हातात काठी. तो तिथे कशासाठी? देऊळ केवढं उंच आहे ते कळावं म्हणून. फूटपट्टीच्या जागी माणूस ठेवला आहे. फोटोखाली देवळाचं नाव, गावाचं नाव, फोटोग्राफरचं नाव. फूटपट्टीचं नाव कोण लिहितो? आणि त्याला तसाच हलू न देता उभं केलं असणार, कारण काही सेकंदांत तो हलला असता तर फोटोत त्याचा धूर झाला असता.

एकदा हे दिसलं की सगळीकडे दिसायला लागतं. मुंबईच्या सोसायटीतलेच विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात हौशी फोटोग्राफरांसाठी एक अल्बम दर महिन्याला काढला. त्यात इथल्या लोकांचे फोटो होते, आणि खाली लिहिलेलं काय, तर जात आणि धंदा. पुढे जॉन्सनने याच मजकुरावर मुंबईतल्या जातीजमातींचे दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ मध्ये. त्यातली गंमत अशी की स्टुडिओत काढलेल्या माणसांचे फोटो कापून वेगळ्याच ठिकाणच्या फोटोंवर चिकटवले आहेत. मागे देऊळ किंवा समुद्र, पुढे माणसं, पायांखालची सावली मात्र भलतीकडेच. 'फोटोशॉप केलंय' असं आपण आज सहज म्हणतो, ते काम तेव्हा कात्री आणि खळीने झालं होतं. सरकारने तर १८६८ ते १८७५ या काळात 'पीपल ऑफ इंडिया' या नावाने आठ खंड काढले, साडेचारशेहून जास्त फोटोंचे. त्यातही बहुतेक जण स्वतःच्या नावाने नाहीत, जमातीच्या नावाने आहेत, आणि खाली ती जमात किती भरवशाची आणि किती उपद्रवी याचा शेरा. म्हणजे आपल्या प्रगतिपुस्तकावरचा 'वर्तणूक' हा रकाना, पण अख्ख्या जमातीसाठी एकच.

हा दोष गोऱ्यांचाच होता असं मात्र नाही. विसाव्या शतकात आपल्या लोकांनी क्लब चालवायला घेतले. मुंबईत १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया निघाली, १९५३ मध्ये देशभरच्या क्लबांचं फेडरेशन झालं, आणि सलोन नावाची स्पर्धांची मोठी परंपरा रुजली. मोठे प्रिंट लाकडी पेटीत नाहीतर जाड पुठ्ठ्यात घालून पोस्टाने गावोगाव, परदेशी जायचे आणि मागे निवडीची चिठ्ठी चिकटवून परत यायचे. त्या प्रिंटांवर केलेली मेहनत बघून आजही थक्क व्हायला होतं. पण त्यांची शीर्षकं बघा: 'चिंतन', 'श्रम', 'सायंकाळ'. सुरकुतलेल्या चेहऱ्याची आजी बक्षीस घेऊन येते आणि तिचं नाव असतं 'वार्धक्य'. आमच्या क्लबातही मागच्या वर्षी असाच एक फोटो आला, गोकुळपेठ बाजारातल्या भाजीवालीचा, शीर्षक 'जिद्द'. फोटो सुंदर होता. एकीने विचारलं, "त्या मावशींचं नाव काय?" काढणाऱ्याला सांगता आलं नाही, पण पुढच्या आठवड्यात तो प्रिंट घेऊन त्यांच्याकडे गेला, नाव विचारून आला, आणि वर मेथीची जुडी फुकट घेऊन आला.

बायकांचं म्हणाल तर कॅमेऱ्याच्या पुढे त्या होत्याच, मागे फार थोड्या. १८९२ मध्ये लाला दीनदयाळांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो एका बाईंच्या हाती दिला. होमाई व्यारावाला या आपल्या पहिल्या वृत्तछायाचित्रकार, पण सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावाने. म्हणजे इथे फोटोतल्या नव्हे, फोटो काढणाऱ्या बाईचंच नाव गेलं. आमच्या क्लबात आम्ही तिघी आहोत.

मी ज्या क्षेत्रात आहे तिथे याला एक कोरडा शब्द आहे, मेटाडेटा. आपण दहावी झालो त्या १९९५ सालीच डिजिटल फोटोच्या पोटात माहिती साठवण्याची 'एक्झिफ' नावाची पद्धत जपानमध्ये ठरली. तुमच्या फोनने काढलेल्या प्रत्येक फोटोत तारीख, वेळ, लेन्स, उजेड आणि परवानगी असेल तर अक्षांश-रेखांशसुद्धा असतात. समोर कोण उभं आहे त्याचं नाव तेवढं नसतं. आणि तोच फोटो व्हॉट्सॲपवर टाकला की जी माहिती होती तीही गळून जाते. ग्रुपवर फिरणारे आपले बरेचसे जुने फोटो म्हणजे फोटोचा फोटो, त्याचा पुन्हा फोटो. तारीख विचारली की 'बहुतेक नववीचं गॅदरिंग' यापलीकडे कुणी जात नाही.

या स्मरणिकेसाठी दहावीचा ग्रुप फोटो पुठ्ठ्यासकट मिळाला तो एका मैत्रिणीच्या आईने ट्रंकेत जपून ठेवला होता म्हणून. मी तो साडेबाराशे डीपीआयवर स्कॅन केला आणि पडद्यावर मोठा करून ओळीने बघितला. खुर्च्यांवर सर आणि बाई, खाली मांडी घालून पुढची रांग, मागे बाकांवर चढलेली मुलं. पुठ्ठ्यावर खाली सुबक अक्षरांत सगळ्यांची नावं डावीकडून उजवीकडे छापली आहेत, अगदी 'गैरहजर' म्हणून दोन नावंही आहेत. पण दोन्ही टोकांना खाकी कपड्यांत ताठ उभे असलेले जे दोघे, त्यांची नावं नाहीत. एक म्हणजे घंटा देणारे काका, ज्यांच्या हाताकडे आपण शेवटच्या तासाला डोळे लावून बसायचो. दुसरे पाण्याच्या टाकीपाशी आपल्याला रांगेत उभं करणारे. ते दोघं चुकून फ्रेममध्ये आलेले नाहीत. केस विंचरलेले आहेत, बटणं गळ्यापर्यंत लावलेली आहेत. गैरहजर असलेल्यांची नावं आहेत आणि हजर असलेल्यांची नाहीत.

आम्ही चौघींनी ती शोधायला घेतली. सगळे त्यांना 'काका' म्हणत असल्याने सुरुवात कठीण गेली. निवृत्त झालेल्या एका बाईंना फोन केला, त्यांनी एकाचं आडनाव आणि गाव सांगितलं. दुसऱ्यांचे चिरंजीव नंदनवनकडे राहतात असं कुणीतरी म्हणालं, तिथे जाऊन आलो. घंटा देणारे काका आता नाहीत. टाकीवाल्या काकांनी फोटो हातात धरून आधी स्वतःला नाही, आपल्याला ओळखायला सुरुवात केली: "हा लय उशिरा यायचा. ही डॉक्टर झाली न?" मग म्हणाले, त्या दिवशी फोटोवाल्याने त्यांना एक पाऊल आत यायला सांगितलं होतं, नाहीतर अर्धे कापले गेले असते. या अंकात फोटो छापला आहे, त्याखाली दोघांची पूर्ण नावं आहेत, जिथे उभे आहेत त्याच क्रमाने.

आता एकच माणूस राहिला आहे, तो फोटोवाला. पुठ्ठ्याच्या मागे स्टुडिओचा जांभळा शिक्का आहे, अर्धा पुसलेला, 'सीताबर्डी' एवढंच धड वाचता येतं. शेजारी पेन्सिलीने लिहिलेला निगेटिव्हचा नंबर मात्र स्पष्ट आहे, २१४. तुमच्यापैकी कुणाकडे याच फोटोची दुसरी प्रत पुठ्ठ्यासकट असेल तर तिची मागची बाजू बघा, शिक्का उमटलेला असेल तर संपादक मंडळाकडे कळवा.